कलंडीच्या पाठीवरचं बिऱ्हाड

आबांनी जन्मभर एकच काम केलं, जहाजांची बुडं खरवडली. जहाज सुक्या गोदीत घ्यायचं, फाटक लावून आतलं पाणी उपसायचं, आणि मग आबा आणि त्यांची टोळी पोलादी पाती घेऊन त्या भल्यामोठ्या बुडाखाली शिरायची. मान वर, तोंडावर फडकं, आणि दिवसभर खर्र खर्र. बुडाला काय काय चिकटलेलं असे! शेवाळ असे, कालवं असत, आणि सगळ्यांत जास्त असत ते पांढरे, पालथ्या टोपणाएवढे, दगडासारखे टणक जीव. शिकलेली माणसं त्यांना बार्नॅकल म्हणतात. टोळीतली माणसं चिकटे म्हणत, आणि चिकट्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केल्याशिवाय कुणाचं पातं चालत नसे.

चिकट्यांनी आबांच्या हाताची सालटी काढली, उजवा खांदा कामातून घालवला, आणि एकदा उडालेला तुकडा डोळ्यात जायचा तो भुवईवर निभावलं. त्यामुळे चिकट्यांबद्दल आबांचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "एकदा बसला की बसला," ते म्हणायचे. "हलायचं नाव नाही. दुसऱ्याच्या पाठीवर बसून फुकट जग बघणारी ऐतखाऊ जात!"

आता गंमत बघा. हे बोलणारा माणूस स्वतः लग्न झाल्यापासून एका घरात बसला होता तो बसलाच होता. गोदीच्या फाटकासमोरच्या त्या दोन खोल्या सासऱ्याच्या. आबा तिथे घरजावई म्हणून आले, तिथेच मुलगी झाली, तिथेच बायको गेली. बायको गेल्यावर तर खिडकीजवळच्या तिच्या वेताच्या खुर्चीशेजारी आबांनी आपली खुर्ची अशी रोवली की बोलायची सोय नाही. तिच्या खुर्चीत कुणी बसायचं नाही. रोज सकाळी आबा ती खुर्ची ओल्या फडक्यानं पुसायचे, हातांच्या वेतातली धूळसुद्धा बोटानं काढायचे.

मुलगी एकुलती एक, आणि ती झाली कासवांची डॉक्टर. जेट्टीला लागून एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये तिचं रुग्णालय होतं. निळ्या गोल टाक्या, समुद्रातून थेट पाणी ओढणारा पंप, औषधांचं एक कपाट, आणि दाराशी पाट मांडून कासवांसाठी मासे कापणाऱ्या मावशी. जाळ्यात गुरफटलेली, बोटीचा पंखा लागलेली, प्लास्टिक गिळलेली कासवं तिथे येत आणि बरी झाली की परत समुद्रात जात.

त्या वर्षी पोरीचं नशीब उघडलं. दूरच्या एका किनाऱ्यावर नवं मोठं कासव रुग्णालय निघत होतं, आणि ते पहिल्या विटेपासून उभं करायला त्यांना हीच हवी होती. असं काम हाती यावं म्हणून ती कॉलेजात असल्यापासून झुरत होती. पण आबांना एकटं टाकून ती जाणार नव्हती. आबांचे गुडघे गेलेले, आदल्याच वर्षी न्हाणीघरात पडले ते ती कामावरून येईपर्यंत तसेच ओल्या फरशीवर. "बाबा, दोघं जाऊ," ती म्हणाली. आबा म्हणाले, "मला इथून न्यायचं तर चौघांच्या खांद्यावर न्या." झालं. घोडं तिथेच अडलं.

अशात कलंडी आली.

मोठी थोरली कासवीण. बोटीचा फटका बसून पाठीच्या मागच्या बाजूला भेग पडलेली, आत हवा धरलेली, त्यामुळे एक बाजू वर आणि एक खाली अशी ती तरंगायची. तिला खोल बुडी मारता येईना, की धड पोहता येईना. "हिचं जहाज कलंडलंय," आबा पहिल्यांदा बघून म्हणाले, आणि तेच तिचं नाव पडलं. किती महिने अशी भरकटत होती कोण जाणे, पण तिची पाठ दिसतच नव्हती. हिरव्या शेवाळाचे झुपके, त्यात लाल गवत, आणि जिथे मोकळी जागा मिळेल तिथे चिकटे.

"विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात," मावशी सुरी हातात धरून उभ्या राहिल्या. "हिच्या पाठीवर तर अख्खी आळी राहायला आलीय!"

हे ओझं उतरवायचं होतं, म्हणून तर मुलीनं आबांना घरून बोलावलं होतं. आबा आपलं जुनं पोलादी पातं तेल लावून घेऊन आले होते. चेहऱ्यावर अशी कळा, जणू नोकरीवर परत बोलावलंय. मुलीनं पातं हातातून काढून घेतलं आणि लाकडाची एक बोथट पट्टी दिली.

"लोखंड नाही, बाबा. खाली जिवंत पाठ आहे. तिला दुखतं."

"पाठीला? एवढ्या जाड?"

"तुमच्या नखावर कुणी पातं चालवलं तर?"

आबा लाकूड घेऊन कामाला लागले. पण कामात सारखा खोडा! शेवाळाचा झुपका काढला की मुलगी म्हणायची, थांबा, आणि तो पाण्याच्या ताटलीत सोडायची. मग भिंग आबांच्या हातात. त्या झुपक्यात काडीचे हातपाय करून बसलेले बारीक झिंगे होते. मागच्या पायांनी शेवाळ घट्ट धरायचे आणि पुढचं अंग पाण्यात वाकवायचे, सरळ करायचे, परत वाकवायचे, जसा काही सगळ्यांनी मिळून नमस्काराचा सपाटा लावलाय. गोगलगायी होत्या, मोहरीहून लहान. एक किडा होता त्यानं वाळूचा कण कण जोडून स्वतःपुरती नळी बांधली होती आणि तिच्या तोंडातून तो चोरासारखा डोकावत होता.

"अगं, हे सगळं जहाजाखालीही असणार," आबा म्हणाले. "आम्ही म्हणायचो घाण."

आणि शेपटीखालच्या बेचक्यात खेकड्यांची एक जोडी. नर आणि मादी, दोन बटणांएवढी. मुलीनं सांगितलं की ही अशी जोडीनंच राहतात, तिसऱ्याला आत शिरू देत नाहीत, आणि कासवाच्या अंगावरचं उष्टंखरकटं वेचून पोट भरतात. कासव कुठे नेईल तिकडे दोघं जातात. आबांनी भिंग लावून पुष्कळ वेळ बघितलं. मादी जरा बाजूला सरकली की नरही तेवढाच सरकायचा. त्यांना तिथेच राहू द्यायचं ठरलं.

चिकटे एकेक निघत गेले. शेवटी भेगेला अगदी लागून, पुढच्या बाजूला बसलेला एक राहिला, चांगला रुपयाएवढा.

"हा राहू दे," मुलगी म्हणाली. "उपटला तर भेगेची कड परत उघडेल."

"एक ठेवला की शंभर होतात! जन्मात एक ठेवला नाही मी."

"मग हा पहिला."

आबांचं तोंड कडू झालं. तेवढ्यात तिनं भिंग परत त्यांच्या हातात दिलं. चिकट्याची बाजू नेमकी पाण्याखाली होती. आबा वाकले. आधी काहीच नव्हतं, नेहमीचा पांढरा दगड. मग वरचं दार दोन फळ्या सरकवल्यासारखं उघडलं आणि आतून एक पिसारा बाहेर आला. नाजूक, करडा, केसाहून बारीक फाटे असलेला. तो पाण्यात पसरला, मूठ मिटावी तसा मिटला, आत गेला. परत बाहेर. परत आत.

"हे काय आहे?"

"तुमचा चिकटा, बाबा. जेवतोय."

आबा टाकीच्या काठावर बसलेच. अख्खं आयुष्य ज्यांच्यापायी मान मोडून घेतली त्यांतला एकही त्यांनी उघडलेला बघितला नव्हता. कसा बघणार? गोदी सुकी. जहाज पाण्याबाहेर आलं की हे सगळे दारं लावून बसणार. आबांच्या वाट्याला कायम बंद दारंच आली होती.

मुलीनं मग सगळं सांगितलं. हा जन्मतो तेव्हा टाचणीच्या टोकाएवढा असतो आणि पोहत असतो. मोठा झाला की जागा शोधतो. मिशांसारखे दोन अवयव असतात, त्यांवर चालत चालत जागा चाचपून बघतो, पसंत नसली तर सोडून देतो. पसंत पडली की डोकं टेकवून तिथे डिंक सोडतो, भोवती भिंती बांधतो, वर दार बसवतो. पुढं जन्मभर डोकं खाली, पाय वर, आणि पायांनीच पाण्यातलं अन्न आत ओढायचं.

"म्हणजे तो पिसारा..."

"पाय आहेत."

"जन्मभर शीर्षासन घालायचं आणि पायानं जेवायचं!" आबांनी कपाळावर हात मारला. "काय तरी एकेकाचं कसब. आणि मी याला ऐतखाऊ म्हणत होतो."

पण म्हणून मत बदलेल तर ते आबा कसले! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. दुपारी डबे उघडले तेव्हा मुलीनं परत विषय काढला. तिकडच्या लोकांनी कलंडीला सोडेपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं, त्याच दिवशी हो की नाही ते सांगायचं होतं. आबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"सारखी गळ घालू नकोस! तो बघ, तुझा लाडका घरजावई बसलाय कलंडीच्या पाठीवर. तो ज्या दिवशी जागचा हलेल, त्या दिवशी मी हलेन."

"घरजावयानं घरजावयाला बरोबर ओळखलं," मावशी म्हणाल्या.

"पैज?" मुलीनं विचारलं.

"पैज!"

चिकटा हलत नाही हे तिलाही ठाऊक होतं. कासवांची फुप्फुसं, अंडी, हाडं यांत तिचा हात कुणी धरला नसता, पण चिकट्याच्या डिंकाबद्दल तिचं ज्ञान बापाइतकंच, की तो सुटत नाही. पण बुडत्याला काडीचा आधार. मावशींच्या पिशवीतून लालभडक नेलपॉलिशची बाटली निघाली आणि चिकट्याला अगदी खेटून, डोक्याकडच्या बाजूला, आबांनी स्वतः एक ठिपका दिला. कलंडीला सोडायच्या दिवशी मावशींच्या साक्षीनं बघायचं. तोवर त्या भागाला ब्रश लावायचा नाही, कारण भेग भरायची होती.

त्यानंतर आबा रोज यायला लागले. म्हणायला मावशींना मासे कापू लागायला, पण पहिला मोर्चा टाकीकडे. भेगेच्या आजूबाजूला हळूहळू शेवाळाचा हिरवा थर चढला, ठिपका त्याखाली गेला, आबांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांना पिसारा बघायचा असे. पंप सुरू होऊन ताजं पाणी आलं की पिसारा भराभर चाले, पाण्यावर सावली पडली की दार फटकन बंद. आबा श्वास धरून वाट बघायचे. "ये रे बाबा, मी आहे, पातं नाही आणलं," असं म्हणताना मावशींनी त्यांना दोनदा पकडलं.

संध्याकाळी घरी गेले की वेताच्या खुर्चीला सगळा वृत्तांत. "आज असा हपापून हात मारत होता गं, जसा काही तुझ्या माहेरचा कुणी पंगतीत बसलाय." एकदा बोलता बोलता म्हणाले, "पोरगी जाऊ म्हणते. तू असतीस तर आलो असतो. तुला इथे एकटी टाकून कसा जाऊ?" मागे चपलांचा आवाज झाला. मुलगी कधी आली होती कुणास ठाऊक, ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिनं नळ मोठा सोडला.

कलंडी सुधारली. आतली हवा गेली, ती सरळ तरंगायला लागली, मग तळाशी जाऊन झोपायला लागली. भेगेवर नवीन कवच आलं. तिला सोडायचा दिवस ठरला.

त्या दिवशी सकाळी टाकीतलं पाणी उतरवलं. मुलीनं आबांना आणि मावशींना बोलावलं, चिकट्यापुढचं शेवाळ ओल्या फडक्यानं पुसलं. लाल ठिपका चमकला. चिकटा त्याला खेटून, जसाच्या तसा.

"जिंकलात, बाबा," ती हसून म्हणाली. "आता भुणभुण बंद. मी त्यांना नाही म्हणून कळवून टाकते." आणि ती बाहेर जेट्टीकडे गेली.

आबांनी मिशीला पीळ दिला. जिंकले होते की! पण का कोण जाणे, छाती काही फुगेना. कलंडीची पाठ शेवटची एकदा स्वच्छ करायची होती, म्हणून त्यांनी मऊ ब्रश घेतला. पुढून सुरुवात केली, मागे आले, चिकट्याला वळसा घालून त्याच्या पाठीमागचं शेवाळ घासलं आणि हात थांबला.

चिकट्याच्या मागे कवचावर पांढऱ्या रेघा होत्या. चंद्रकोरीसारख्या, एकीमागे एक, चांगल्या बोटभर लांबीपर्यंत. आबांनी अंगठ्यानं चाचपून बघितल्या. हा पोत जगात दुसऱ्या कुणाला कळला नसता तरी त्यांना कळणारच. डिंक. जुना, वाळलेला चिकट्याचा डिंक. जिथे जिथे बसला होता तिथे तिथे एकेक कोर मागे ठेवून हा पठ्ठ्या पुढे सरकला होता. आणि त्या कोरींच्या मधोमध, वरून परत थापलेल्या शेवाळाखाली, अर्धवट खरवडलेला एक फिकट लाल ठिपका. त्याच्यावरून तो चालून गेला होता.

घर पाठीवर, नव्हे, घर डोक्याला चिकटलेलं, दार बंद केलं तर जग बंद, पायांचा उपयोग फक्त जेवायला, आणि तरी हा चालला होता! जिकडे कलंडीचं डोकं, जिकडून ताजं पाणी येतं, तिकडे. जन्मभर ज्याला अचल म्हणून शिव्या घातल्या त्यानं त्यांच्या नाकासमोर वाट काढली होती, आणि ते आपले पिसारा बघत बसले होते.

"शाब्बास रे वाघा," आबा पुटपुटले.

मग दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. हा जुना ठिपका माझा. मग तो नवा कुणाचा?

"आबा, आटपा की," मावशी दारातून ओरडल्या. "आणि लेकीला म्हणावं माझी नेलपॉलिशची बाटली परत दे. परवा मागून नेली ती नेलीच. बोटं बघावी तर कोरी!"

आबा ब्रश हातात घेऊन तसेच बाहेर निघाले. गुडघे कुरकुरत होते, पण त्या दिवशी त्यांनी गुडघ्यांचं ऐकलं नाही. मुलगी जेट्टीच्या कठड्याशी पाठमोरी उभी होती, फोन कानाला.

"ठेव तो फोन!"

ती दचकून वळली. "बाबा, अजून लागतोय..."

"लागू नकोस म्हणावं! तो घरजावई बोटभर चालून गेलाय. आणि तू ठिपका पुढे सरकवलास. माझ्याशी लबाडी?"

तिनं फोन खाली केला. आधी नाही म्हणावंसं वाटलं तिला, ते चेहऱ्यावर दिसलं. मग डोळे भरून आले.

"परवा भेग तपासताना दिसलं. मला वेडच लागायचं बाकी होतं, बाबा. असं काही होतं हे मला माहीतच नव्हतं. नाचत घरी येणार होते तुम्हाला सांगायला. मग आठवलं, तुम्ही त्या दिवशी आईला काय म्हणत होता ते. पैज जिंकून मी तुम्हाला तिच्यापासून उपटून नेणार होते का? भेग पडली असती तर?"

ज्या कामासाठी ही पोर वर्षानुवर्षं झुरली, ते हिनं एका ठिपक्यासरशी सोडून दिलं होतं, आणि वर हसून म्हणाली होती, जिंकलात बाबा. त्यांचा हात आपोआप तिच्या डोक्यावर गेला. ब्रश अजून हातातच होता, हिरवं पाणी तिच्या केसांवरून कपाळावर ओघळलं.

"जुना ठिपका नीट खरवडायचा राहिला तुझा," ते म्हणाले. "बापाकडून काम शिकली असतीस तर पकडली गेली नसतीस."

ती रडता रडता हसली. "तुम्ही हरलात, बाबा."

"हरलो ना! मग जरा नीट हरू दे की मला."

भरती आल्यावर कलंडीला पाण्याच्या काठाशी नेलं. भेग भरली होती, त्यामुळे आता चिकटा काढायला हरकत नव्हती. मुलीनं विचारलं, "काढायचा?" आणि लाकडी पट्टी पुढे केली. आबांनी ती घेतली आणि खिशात घातली. शेपटीखाली वाकून खेकड्यांची जोडी जागेवर आहे ना ते बघितलं. दोघं होते. मग आबा स्वतः पाण्यात उतरले आणि कलंडीला हलकेच पुढे ढकललं.

तिनं दोन हात मारले, एक लाट पाठीवरून गेली, आणि त्या पाण्यात पिसारा उघडलेला आबांनी बघितला. निदान ते तसं म्हणतात. एवढ्या अंतरावरून, तेही चष्म्याशिवाय, कसं दिसलं असेल असं मावशींनी विचारलं, तर त्यांच्यावर खेकसले.

कलंडी दिसेनाशी झाल्यावर मुलीनं परत फोन काढला. आबा ओल्या पायांनी तिच्याशेजारी येऊन उभे राहिले.

"त्यांना सांग, दोघं येतोय." मग जरा घुटमळले, घसा साफ केला. "नाही, असं सांग, तिघं येतोय. तुझ्या आईची खुर्ची सामानात बांधायची नाही. गाडीत मी ती मांडीवर घेऊन बसेन."

मुलीनं नंबर लावला, पण पलीकडून हॅलो आलं तरी ती डोळेच पुसत राहिली, तेव्हा फोन आबांनीच घेतला.